एन्सीका २०२६, डेट्रॉईट: परिषदेत काय बघावं, शहरात कुठे जावं आणि परत येताना काय आणावं?

मातीतला_हात (पुणे)

नमस्कार मंडळी,

मार्च २०२६ मध्ये डेट्रॉईटला एन्सीकाची साठावी परिषद आहे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सिरॅमिक शिकवणाऱ्या आणि करणाऱ्या लोकांची ही अमेरिकेतली संस्था, आणि तिची परिषद दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. नोंदणी झाली आहे, तिकीटही काढलंय. पहिलीच खेप आहे.

स्टुडिओ लहान आहे. एक इलेक्ट्रिक भट्टी, कोन ६ ची (सुमारे १२२२ सेल्सिअसची) ऑक्सिडेशन भाजणी, म्हणजे भट्टीत भरपूर हवा ठेवून, गुजरातेतून येणारी स्टोनवेअर माती. रोजच्या वापराची भांडी होतात, अधूनमधून टाइल. आता प्रश्न.

चार दिवसांत एकाच वेळी इतकं काही चालू असतं म्हणे, मग निवड कशी करायची? डेट्रॉईट आणि आसपास मातीकामाचं काय बघण्यासारखं आहे? मुक्काम नोव्हायला नातेवाइकांकडे होऊ शकतो, तो सोयीचा पडेल का? पाच-सहा कप विकत घ्यायची इच्छा आहे, ते न फुटता पुण्याला कसे आणायचे, आणि हत्यारांपैकी काय घेण्यासारखं आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तिथे मिळणाऱ्या ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या, कृती आपल्याकडच्या कच्च्या मालात कशा बसवायच्या?

---

काठ_आणि_बुड

आधी मुक्कामाचं. नोव्हाय हंटिंग्टन प्लेसपासून, म्हणजे परिषदेच्या इमारतीपासून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे आणि गाडीशिवाय येणं-जाणं होत नाही. परिषदेची अर्धी गंमत संध्याकाळी असते. शहरातल्या गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या असतात, कुंभारमंडळी तिथेच भेटतात आणि निवांत बोलतात. निदान बुधवार ते शुक्रवार या तीन रात्री डाउनटाउनमध्ये राहा. नातेवाइकांकडे आधी किंवा नंतर जा. मार्चअखेरीस तिथे थंडी असते, रात्री पारा शून्याखाली जातो आणि बर्फही पडू शकतो. जोडे पाणी न शिरणारे घ्या, कारण दिवसभर चालणंच चालणं आहे.

निवडीबद्दल. पहिल्यांदा जाणारे लोक दर अर्ध्या तासाने सभागृह बदलतात आणि शेवटी हाती काहीच लागत नाही. मोठ्या मंचावर प्रात्यक्षिक देणाऱ्या कलाकारांची एक जोडी निवडा आणि त्यांची सगळी सत्रं बसून बघा. कलाकार एकच काम सत्रागणिक पुढे नेतात आणि खरं शिक्षण दोन टप्प्यांच्या मधे असतं. काय झाकून ठेवलं, काय उघडं सोडलं, काठ ओला ठेवून बुड सुकू दिलं की उलट, जोड द्यायच्या आधी बोटाने किती वेळा दाबून पाहिलं. छोट्या व्हिडिओत हेच कापलेलं असतं. पडद्यावर कॅमेरा हात दाखवतो, पण कोपर मांडीवर टेकलंय की बरगडीला हे दाखवत नाही. म्हणून बाजूने, पुढच्या रांगांत बसा.

वहीत लिहिताना “सुंदर”, “मस्त” असं लिहू नका, आकडे लिहा. मातीचा गोळा किती वजनाचा, भिंत किती मिलिमीटर, कोणत्या कोनला भाजणार, ऑक्सिडेशन की रिडक्शन (भट्टीत हवा कमी ठेवून), ग्लेझ बुडवून की फवारून, भट्टी थंड कशी करतात. शेवटचा प्रश्न जरूर विचारा. कोन ६ ची पुष्कळ मॅट ग्लेझं भट्टी सावकाश उतरवल्यामुळे मॅट होतात. तीच कृती झटकन थंड होणाऱ्या लहान भट्टीत चकचकीत निघते, आणि माणूस कृतीला दोष देत बसतो.

विक्रेत्यांच्या दालनात पहिल्या दिवशी खिशाला हात लावू नका, नुसती फेरी मारा. सगळ्या कंपन्यांची चाकं ओळीने मांडलेली असतात, बसून बघता येतं. वेग अगदी कमी करा, चाकाच्या थाळीवर दोन्ही तळवे ठेवून दाबा. मोटर दबली, आचके दिले, तर पाच किलोचा गोळा मधे आणताना तेच होणार. मांडणीतला काही माल शेवटच्या दिवशी स्वस्त निघतो. याच दालनात शाळा-महाविद्यालयांची आणि रेसिडेन्सी (काही काळ तिथे राहून काम करण्याची संधी) देणाऱ्या स्टुडिओंची टेबलं असतात. तिथे घाई नको. रेसिडेन्सीत भट्टी कोणती, मालाचा खर्च कुणाचा, बाहेरच्या देशातल्यांना व्हिसाचं पत्र देतात का, हे समोरासमोर विचारून घ्या.

शाळकरी मुलांचं राष्ट्रीय प्रदर्शन चुकवू नका. बारावीपर्यंतच्या मुलांची कामं निवडून मांडतात, आणि तांत्रिक दर्जा थक्क करणारा असतो.

कपांची विक्री हा वेगळाच सोहळा. कलाकार कप दान करतात आणि विक्रीचे पैसे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना जातात. विक्रीच्या दिवशी दार उघडायच्या बऱ्याच आधी रांग लागते, त्यामुळे आधी मांडलेले असताना दोन-तीन हेरून ठेवा. कप उचलताना कान धरून उचलू नका, एक हात बुडाखाली द्या. मग बोटं कानात घालून कप कलता करा. कप भरला की पाव किलोच्या आसपास भर पडते हे लक्षात घेऊन कान कुठे लागतोय ते बघा. उलटा करून बुड पाहिलंत की त्या माणसाच्या कामाची सगळी शिस्त कळते.

---

वुडवर्ड_रोड (मिशिगन)

डेट्रॉईटला परिषद येते आहे याचा इथल्यांना खूप आनंद आहे, कारण या शहराचा मातीशी संबंध जुना आहे आणि तो बाहेर फारसा माहीत नाही.

पहिलं ठिकाण अर्थातच पेवॉबिक पॉटरी. मेरी चेस पेरी आणि होरेस कॉकिन्स यांनी १९०३ साली ती सुरू केली. पेरीबाई आधी चिनीमातीवर रंगकाम करत. कॉकिन्सचा धंदा दंतवैद्यांना सामान पुरवण्याचा. दातांच्या एनॅमलसाठी त्याने बनवलेली ‘रेव्हलेशन’ भट्टी पुढे भांड्यांसाठी वापरात आली. ईस्ट जेफरसन अव्हेन्यूवरची सध्याची इमारत १९०७ ची. ती आखणाऱ्या विल्यम स्ट्रॅटन या वास्तुविशारदाशी पेरीबाईंनी १९१८ मध्ये लग्न केलं, म्हणून पुढे त्यांचं नाव मेरी चेस स्ट्रॅटन असं आढळतं. इमारत राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे, पण नुसतं संग्रहालय नाही. टाइल आजही तिथेच बनतात, वर्ग चालतात, दुकान आहे. हंटिंग्टन प्लेसपासून पूर्वेला सात-आठ किलोमीटर, जेफरसनवरून बस जाते.

बघायचं काय, तर त्यांची इंद्रधनुषी ग्लेझं. तेलाचा थेंब पाण्यावर पडल्यावर जसे रंग फिरतात तशी झाक. टाइल जागेवरच असू द्या, तुम्ही बाजूला सरका. समोरून तपकिरी-हिरवट वाटणारा तुकडा कडेने जांभळा-सोनेरी होतो. ही झाक पृष्ठभागावरच्या धातूच्या अतिशय पातळ थरामुळे येते, म्हणून ती छायाचित्रात कधीच नीट उतरत नाही. दुकानातला साधा निळा टाइलचा तुकडाही हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. नक्षीच्या उंचवट्यावर ग्लेझ पातळ होऊन खालची माती डोकावते आणि खोलगट भागात ते साचून गडद होतं. छापाच्या टाइलला ग्लेझ कसं निवडावं याचा हा धडाच आहे.

आता फुकटात बघण्यासारखं. परिषदेच्या इमारतीतच ‘पीपल मूव्हर’चं स्टेशन आहे. डाउनटाउनभोवती गोल फिरणारी ही छोटी उन्नत गाडी १९८७ पासून चालते, स्टेशनं तेरा, आणि त्यांतल्या काहींच्या भिंतींवर पेवॉबिकच्या टाइलची मोठी कामं आहेत. कॅडिलॅक सेंटरला उतरून पाच मिनिटं बघा, पुढची गाडी येतेच. चालत दहा मिनिटांवर गार्डियन बिल्डिंग, १९२९ ची. तिच्यात पेवॉबिक आणि सिनसिनाटीची रूकवुड या दोन्ही कारखान्यांच्या टाइल आहेत. कामाच्या दिवशी तळमजल्याच्या दालनात कुणीही जाऊ शकतं. आत शिरल्यावर मान वर करा.

वुडवर्ड अव्हेन्यूवरून क्यूलाइन ट्रामने उत्तरेला गेलात की डेट्रॉईट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स. दिएगो रिवेराची १९३२-३३ ची सत्तावीस भित्तिचित्रं तिथे आहेत, मोटारकारखान्यातल्या कामगारांची. सिरॅमिक नाही, पण भट्टीपाशी काम करणाऱ्या माणसाने ती बघावीत. धग, घाम, वाकलेल्या पाठी सगळं ओळखीचं वाटतं.

एक दिवस गाडी मिळाली तर ब्लूमफील्ड हिल्सची क्रॅनब्रुक अकादमी. माइया ग्रोटेल या फिनलंडच्या बाईंनी १९३८ ते १९६६ तिथला सिरॅमिक विभाग सांभाळला. तोशिको ताकाएझू, रिचर्ड डीव्होर, जॉन ग्लिक हे त्यांचे विद्यार्थी. ग्लिकची प्लम ट्री पॉटरी जवळच फार्मिंग्टन हिल्सला होती. वॉरनच्या जनरल मोटर्स टेक्निकल सेंटरच्या झळाळत्या रंगीत विटांमागेही ग्रोटेलबाईंचं ग्लेझचं ज्ञान आहे, मात्र तो परिसर कंपनीचा आहे, सहज आत जाता येत नाही. क्रॅनब्रुकचं कलासंग्रहालय बघा. सारिनेन हाउस (तिथले वास्तुविशारद सारिनेन यांचं घर) हिवाळ्यात सहसा बंद असतं.

ॲन आर्बर परतीच्या दिवसासाठी ठेवा, कारण विमानतळ डेट्रॉईट आणि ॲन आर्बरच्या मधेच आहे. तिथे मोटावी टाइलवर्क्स आहे, १९९२ पासून. त्यांच्या टाइलवर उठावाच्या रेघा असतात आणि रेघांमधल्या घरांत रबरी फुग्याच्या पिचकारीने हाताने ग्लेझ भरतात. कारखान्याची फेरी ठरावीक वारीच असते, आधी नाव नोंदवा. त्याच गावात पॉटर्स गिल्ड आहे, १९४९ साली सुरू झालेली कुंभारांची सहकारी संस्था. सामायिक भट्ट्या, वाटून घेतलेली कामं, एकत्र विक्री. पुण्या-मुंबईत जागेच्या भाड्याने बेजार झालेल्या स्टुडिओवाल्यांनी या लोकांना त्यांचे नियम जरूर विचारावेत. भाजणीचे पैसे घनफुटावर लावतात की वजनावर, कुणाचं ग्लेझ वाहून दुसऱ्याचं शेल्फ खराब झालं तर भरपाई कोण करतं. संस्था टिकते ती असल्या बारीक नियमांवर.

---

मातीतला_हात

खूप आभार! मुक्काम डाउनटाउनलाच करतो. पेवॉबिकसाठी अर्धा दिवस पुरेल ना? आणि कप आणण्याचं कुणी सांगेल का?

---

शाडूवाली

पेवॉबिकला तीन तास धरा, पण गुरुवार-शुक्रवारी दुपारी परिषदेचे सगळे तिथे लोटतील. मंगळवारी पोहोचत असाल तर बुधवारी सकाळीच उरका.

कप फुटतात ते तीन कारणांनी: कानावर दाब येतो, एकाचा काठ दुसऱ्याला लागतो, आणि भांडं खोक्यात हलतं. उपायही त्याच क्रमाने. कानाच्या भोकात मऊ कागद किंवा मोजा घट्ट भरा, इतका की कान आणि कपाची भिंत मधल्या बोळ्यामुळे एकजीव वाटली पाहिजे. मग कपाच्या पोटात कागद भरा. मग आख्ख्या कपाला बबल रॅपचे तीन वेढे, फुगे आतल्या बाजूला. फुगे बाहेर ठेवले तर चिकटपट्टी लावताना आणि काढताना तेच फुटतात. प्रत्येक कपाला बाहेरून पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळा. खोक्यात कप ओळीने उभे, काठ वर, आणि चारी बाजूंना, खाली आणि वर पाच-पाच सेंटिमीटर कपड्यांची गादी. बंद केल्यावर खोकं कानाशी धरून हलवा. काहीही सरकल्याचा आवाज आला तर अजून भरा. थाळ्या असतील तर उभ्या कडेवर ठेवा. आडव्या रचल्या की आदळल्यावर सगळा भार सर्वांत खालच्या थाळीवर येतो.

एक कप असा गुंडाळून साधारण अर्धा किलो होतो. सहा कप म्हणजे तीन किलो, ते हातातल्या बॅगेत सहज बसतात. मोठं भांडं बॅगेत टाकायचंच असेल तर कडक कवचाच्या सुटकेसच्या मधोमध ठेवा, चाकांच्या बाजूला कधीच नाही. पावत्या जपून ठेवा, कस्टम्सला दाखवता येतात.

हत्यारांत चार गोष्टी घेण्यासारख्या. मडटूल्स कंपनीच्या रबरी रिब्ज, म्हणजे माती गुळगुळीत करायच्या लवचिक पट्ट्या. रंगावर कडकपणा ठरतो: लाल सर्वांत मऊ, मग पिवळी, हिरवी, निळी कडक. चाकावर भिंत गुळगुळीत करायला लाल किंवा पिवळी, आकार द्यायला हिरवी, चारही घ्यायची गरज नाही. टंगस्टन कार्बाइडचं एक ट्रिमिंग हत्यार, म्हणजे अर्धवट सुकलेलं बुड तासायचं. धार वर्षानुवर्षं राहते, पण धातू ठिसूळ असतो. फरशीवर पडलं की टवका उडतो आणि ते घरी दुरुस्त होत नाही, म्हणून दोरी बांधून वापरा. तिसरं, बुड घासायचे डायमंडचे पॅड. नेहमी ओले करून वापरा, कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ छातीत जाते. चौथं म्हणजे ऑर्टनचे कोन, भट्टीत ठेवायचे आणि ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके. ५, ६ आणि ७ यांचं एकेक खोकं आणलंत तर खूप दिवस पुरतील. स्वतःच्या पायावर उभे राहणारे घ्या, म्हणजे कल किती द्यायचा ही चूक टळते.

सुई, चाकू, ट्रिमिंगची हत्यारं सगळी चेक-इनच्या बॅगेत, आणि धुऊन, माती काढून. ग्लेझचे साहित्य पूड स्वरूपात आणायच्या भानगडीत पडू नका. लेबल नसलेली पांढरी पूड कुठल्याही विमानतळावर उघडली जाते, आणि त्यातलं बरंचसं आपल्याकडे राजस्थानात खाणीतूनच निघतं.

चाक किंवा भट्टी तिथून मागवायचा मोह झाला तर विजेचा दाब बघा. तिथली चाकं १२० व्होल्टची, इथे किमान १००० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागेल. भट्टीची पाटी त्याहून महत्त्वाची. २४० व्होल्टची भट्टी आपल्या २३० वर चालते, फक्त ताकद सुमारे ८ टक्क्यांनी उतरते. पण तिथल्या शाळांसाठी २०८ व्होल्टच्या भट्ट्याही बनतात. ती २३० ला जोडली तर एलिमेंटवर (तापणाऱ्या तारांवर) २२ टक्के जास्त भार येतो आणि ती लवकर जळतात.

---

भाजणी_१२२२

आता ग्लेझकडे वळतो.

पहिला सापळा तापमानाचा. अमेरिकेत सगळं फॅरनहाइटमध्ये. कोन ६ म्हणजे २२३२ फॅरनहाइट, आपले १२२२ सेल्सिअस, हे शेवटी ताशी ६० अंशांनी चढवत नेल्यास. तापमान बदलताना ३२ वजा करून ५/९ ने गुणायचं हे सर्वांना पाठ असतं. पण चढण्याचा वेग बदलताना ३२ वजा करायचे नाहीत! ताशी १०८ फॅरनहाइट म्हणजे ताशी ६० सेल्सिअस. कुणी ३२ वजा केले की ४२ येतात. भाजणी लांबते, उष्णतेचं काम जास्त होतं आणि ग्लेझ शेल्फवर उतरतं.

दुसरं, नावांनी घाबरू नका. कृतीत ‘कस्टर’ दिसलं की ते पोटॅश फेल्डस्पार. पोटॅश सुमारे १० टक्के, सोडा ३, ॲल्युमिना १७, सिलिका ६९ च्या आसपास. आपल्या पुरवठादाराकडून विश्लेषणाचा कागद मागा आणि पोटॅश १० च्या वर असल्याची खात्री करा. तिकडे बरेच कुंभार आता ‘महावीर’ नावाचं पोटॅश फेल्डस्पार वापरतात, ते भारतातूनच जातं. ‘ईपीके’ म्हणजे फ्लोरिडाचं केओलिन, त्याजागी आपली चायना क्ले. ‘सिलिका’ म्हणजे क्वार्ट्झ पावडर, ‘व्हायटिंग’ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. वोलॅस्टोनाइट राजस्थानात सिरोहीला खाणीतून निघतं. ‘गर्स्टली बोरेट’ असलेल्या कृती मात्र सोडून द्या. ते कॅलिफोर्नियातल्या एकाच खाणीचं खनिज, त्याचं उत्पादन थांबलेलं आहे, आणि असतं तेव्हाही ते प्रत्येक पोत्यात बदलायचं.

खरी अडचण एकाच ठिकाणी येते, ती फ्रिटची, म्हणजे आधीच वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीची. कोन ६ ला वितळायला बोरॉन लागतो आणि तो फ्रिटमधून येतो. उदाहरण म्हणून सर्वांत साधी कृती घ्या, तिकडे ती ‘पाच वेळा वीस’ म्हणून ओळखली जाते: पोटॅश फेल्डस्पार २०, वोलॅस्टोनाइट २०, फेरो फ्रिट ३१३४ २०, केओलिन २०, सिलिका २०. पारदर्शक, चकचकीत.

३१३४ मध्ये बोरॉन ऑक्साइड २३ टक्के, चुना २०, सोडा १०, सिलिका ४६, आणि ॲल्युमिना नाहीच. म्हणजे २० ग्रॅम फ्रिटमधून ४.६ ग्रॅम बोरॉन ऑक्साइड येतं. समजा तुम्हाला मिळालेलं फ्रिट ३१२४ च्या जातीचं आहे: बोरॉन १४ टक्के, चुना १४, सोडा ६, ॲल्युमिना १०, सिलिका ५५. तेवढाच बोरॉन हवा तर ४.६ भागिले ०.१४, म्हणजे ३३ ग्रॅम लागेल. चुना आणि सोडा जवळपास तेवढाच राहतो. पण या ३३ ग्रॅममधून ३.३ ग्रॅम ॲल्युमिना फुकट आलं, ते चायना क्लेमधून कमी करायला हवं. क्लेत ॲल्युमिना सुमारे ३७ टक्के, म्हणून क्ले ९ ग्रॅमने कमी, ११ राहिली. सिलिका फ्रिटमुळे ९ ग्रॅम वाढली आणि क्ले घटल्याने ४ कमी झाली, म्हणून क्वार्ट्झ ५ ने कमी, १५.

नवी कृती: फेल्डस्पार २०, वोलॅस्टोनाइट २०, फ्रिट ३३, चायना क्ले ११, क्वार्ट्झ १५. बेरीज ९९. हे एकदा हाताने केलं की कुठलीही कृती परकी वाटत नाही.

नुसतं फ्रिट बदलून बाकी तसंच ठेवलं, म्हणजे २० च्या जागी २० घातलं, तर बोरॉन ४.६ वरून २.८ वर येतो आणि ॲल्युमिना वाढतं. ग्लेझ अर्धवट वितळतं, दुधी दिसतं, टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. पुष्कळ जण मग तापमान वाढवतात आणि माती फुगवून ठेवतात. दोष फ्रिटचा असतो. फ्रिट घेताना ते शिसेविरहित असल्याचं लेखी घ्या आणि बोरॉनचा टक्का विचारा. जो विक्रेता विश्लेषण देत नाही त्याच्याकडून खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी फ्रिट घेऊ नये.

चाचणी १०० ग्रॅमची करा. ८० च्या जाळीतून दोनदा गाळा, घनता १.४५ च्या आसपास ठेवा. म्हणजे १०० मिलिलिटर घोळ १४५ ग्रॅम भरला पाहिजे. चाचणीचा तुकडा आडवा ठेवू नका, उभा ठेवा आणि खाली भाजलेल्या मातीची चकती द्या. आडव्या तुकड्यावर वाहणारं ग्लेझही शहाणं दिसतं. शेजारी ५, ६, ७ चे कोन. निघालेला तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी उकळत्या पाण्यात टाका, तीन वेळा. मग शाईचा थेंब चोळून पुसा. बारीक जाळी उमटली तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. क्वार्ट्झ पाच-पाच ग्रॅमने वाढवत पुन्हा भाजा. आपल्या मातीवर ही चाचणी करावीच लागते, कारण तिकडचं ग्लेझ तिकडच्या मातीला बसलेलं असतं.

---

काठ_आणि_बुड

भाजणी_१२२२ यांच्या उत्तरात एक भर. चायना क्ले ११ वर आली की घोळ बादलीच्या तळाशी दगडासारखा बसतो. दोन ग्रॅम बेंटोनाइट घाला, पण आधी कोरड्या पुडीत मिसळून. थेट पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात आणि त्या गाळणीवर राहतात.

---

सपाट_टाइल

मूळ प्रश्नात टाइलचा उल्लेख आहे आणि पेवॉबिक-मोटावी बघून आल्यावर प्रत्येकाला टाइल कराव्याशा वाटतात. पहिल्या दहातल्या सात वाकड्या निघतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

टाइल वाकते ती बहुतेक वेळा भट्टीत नाही, टेबलावर. लाटलेला थर एका कडेला धरून उचलला की तिथे माती ताणली जाते. हाताने परत सपाट केली तरी ती ताण विसरत नाही, भाजताना तोच कोपरा उठतो. म्हणून थर उचलायचाच नाही. दोन फळ्यांच्या मधे धरून पालथा करायचा. लाटताना दोन्ही बाजूंनी, आणि दिशा बदलत.

माती थोडी रेताड घ्या, बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीची भरड) असलेली. भांड्यांची तुळतुळीत माती टाइलला नको. पंधरा सेंटिमीटरच्या टाइलला जाडी दहा ते बारा मिलिमीटर. अर्धवट सुकल्यावर पाठीमागे तीन-चार मिलिमीटर खोल चर पाडा. त्यामुळे दोन्ही तोंडं सारख्या वेगाने सुकतात आणि भिंतीला लावताना सिमेंट धरतं. मग जिप्सम बोर्डाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा, वर थोडं वजन, आणि रोज बोर्ड बदला. ओला झालेला बोर्ड तसाच ठेवला तर खालची बाजू मागे पडते. पुण्यात उन्हाळ्यात आठवडा, पावसाळ्यात दोन. पंख्याखाली ठेवायची घाई कुणी करू नये, कडा आधी सुकतात, आकसतात आणि टाइल वाकते.

मापाचं गणित आधीच करा. मातीवर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ मारून तुकडा कोन ६ ला भाजा आणि परत मोजा. ८.८ भरली तर आकसणं १२ टक्के. पंधरा सेंटिमीटरची तयार टाइल हवी तर १५ भागिले ०.८८, म्हणजे १७ सेंटिमीटरचा साचा.

पेवॉबिकमध्ये एक गोष्ट मुद्दाम बघा: त्यांच्या टाइलच्या कडा. हाताने दाबलेल्या टाइलची कड अगदी किंचित गोल असते, दोन टाइलमध्ये फट रुंद ठेवतात आणि मापातला एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक त्या फटीत जिरतो. मशीनच्या टाइलसारखी दोन मिलिमीटरची फट हाताच्या टाइलला ठेवली की बसवणारा गवंडी वैतागतो. गिऱ्हाइकाला आधीच पाच-सहा मिलिमीटरची फट सांगून ठेवावी.

---

मातीतला_हात

३१२४ चं गणित वहीत उतरवलं. इथल्या दोन पुरवठादारांना आजच विश्लेषणाचे कागद मागतो, आलेले आकडे इथेच टाकतो. वुडवर्ड_रोड, मोटावीच्या फेरीचा वार कळला की लिहाल का? त्याप्रमाणे परतीचं विमान एक दिवस पुढे ढकलता येईल.

---

वुडवर्ड_रोड (मिशिगन)

जरूर. परिषदेच्या आठवड्यात वार बदलू शकतो, त्यांना फोन करून विचारतो आणि इथे लिहितो. विमान संध्याकाळचं ठेवा, म्हणजे सकाळी ॲन आर्बर, दुपारी गिल्ड, आणि तिथून विमानतळ अर्ध्या-पाऊण तासावर.